समाजाची संमती आणि स्त्रीचा पुढाकार

माळव्याचे पठार मागे टाकून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागले, की धार जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात डही हे तहसिलीचे गाव लागते. भिल्ल आणि भिलाला यांची येथील वस्ती जुनी. नवराबायकोचा तंटा उभा राहिला, तर तो प्रथम पंचांपुढे बसतो आणि जमातीच्या रूढीप्रमाणे तोडला जातो. तेथे तो मिटला नाही आणि कोणी न्यायालयाची पायरी चढलेच, तर राज्यातली त्याची शेवटची पायरी म्हणजे उच्च न्यायालयाचे इंदूर खंडपीठ होय. रूढी, धर्मशास्त्र, देशाचा कायदा आणि त्यांच्या जोडीला आता आंतरराष्ट्रीय करार, अशा चार प्रकारच्या नियमांनी आपल्याकडील स्त्रीचे वैवाहिक जीवन बांधलेले आहे. या चौघांचा परस्परांशी मेळ बसत नाही तेव्हा काय घडते, याचा देशातील सर्वांत गाजलेला दाखला इंदूर शहरानेच दिला. तो म्हणजे शाहबानो खटला.

या खटल्यावर राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता करावयाचा आहे. धर्मावर आधारलेला कायदा बदलावयाचा तर त्या त्या समाजाची संमती हवी, असे आपले राज्यकर्ते म्हणत आले. जगापुढे केलेल्या करारातही त्यांनी तसे लिहून दिले. ही संमती कोणाची धरावयाची, हा तो प्रश्न होय.

इंदूरचा अर्ज

शाहबानो यांचा विवाह १९३२ मध्ये इंदूरचे वकील महंमद अहमद खान यांच्याशी झाला. त्यांना तीन मुलगे व दोन मुली झाल्या. १९७५ साली पतीने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांनी इंदूरच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दरमहा ५०० रुपये पोटगी मिळावी असा अर्ज केला. तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता आणि ५०० रुपये ही त्या कलमातील त्या काळची कमाल मर्यादा होती. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी पतीने तलाक दिला. मेहेरचे ३,००० रुपये आपण न्यायालयात भरले आहेत, इद्दतीच्या काळाचा खर्चही दिला आहे, तेव्हा मुस्लिम कायद्याप्रमाणे आपली जबाबदारी संपली, असे त्यांचे म्हणणे पडले.

येथे कायद्याची रचना समजून घेतली पाहिजे. विवाह, घटस्फोट, वारसा हे विषय ज्याच्या त्याच्या धर्माच्या व्यक्तिगत कायद्याने चालतात. कलम १२५ मात्र फौजदारी कायद्यातले असून ते सर्व धर्मांच्या लोकांना सारखेच लागू होते. बायको, मुले किंवा वृद्ध आईबाप यांना कोणी उघड्यावर टाकू नये, एवढाच त्याचा हेतू. १९७३ च्या संहितेत ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटितेचाही समावेश केला गेला. पण लगेच पुढे कलम १२७ मध्ये अशी सवलत होती, की व्यक्तिगत कायद्याप्रमाणे घटस्फोटाच्या वेळी द्यावयाची पूर्ण रक्कम स्त्रीला मिळाली असेल, तर पोटगीचा हुकूम रद्द करता येईल. सारा वाद या फटीतून आत शिरला.

ऑगस्ट १९७९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये पोटगी ठरविली. १ जुलै १९८० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. त्याविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी एकमताने ते अपील फेटाळले. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड हे मूळचे पुण्याचे. मेहेर ही तलाकची किंमत नव्हे, विवाहातून उपजणारे ते स्त्रीचे देणे आहे. ते दिल्याने पोटगीची जबाबदारी टळत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील २४१ व २४२ या वचनांचा आधार घेऊन, घटस्फोटितेच्या निर्वाहाची तरतूद इस्लामलाही मान्य आहे, असे न्यायालयाने दाखविले. शिवाय राज्यघटनेच्या ४४ व्या कलमातील समान नागरी कायदा कागदावरच राहिला, अशी खंत व्यक्त केली.

निकालाच्या आरंभीच मनूचे स्त्रीस्वातंत्र्याविरुद्धचे वचन आणि १९ व्या शतकातील एका इंग्रज लेखकाचे इस्लामविषयीचे कठोर मत अशी दोन्ही उद्धृते होती. स्त्रीवरील अन्याय एकाच धर्माचा नाही हे सुचविण्याचा हेतू उघड दिसतो. तथापि एका परकीय लेखकाने केलेली धर्माची निर्भर्त्सना निकालपत्रात यावी आणि कुराणाचा अर्थ न्यायालयाने लावावा, हे अनेक श्रद्धावान मुसलमानांना लागले. विरोध करणारे सगळेच दुष्ट होते असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. अल्पसंख्य समाजाला आपली ओळख पुसली जाण्याची भीती वाटते, ती निव्वळ कल्पित नसते.

विरोध वाढत गेला. नोव्हेंबर १९८५ मध्ये शाहबानो यांच्या अंगठ्याचे निवेदन प्रसिद्ध झाले. हा निकाल कुराण आणि हदीस यांच्या विरुद्ध असल्याने आपण तो नाकारतो, असा त्याचा आशय होता. सात वर्षे जिने एकटीने दावा लढविला, तिने जिंकलेला हक्क आपल्या हाताने परत केला. मे १९८६ मध्ये संसदेने मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा संमत केला. पूर्वपतीने इद्दतीच्या काळात वाजवी व न्याय्य तरतूद करावी. त्यानंतर स्त्रीचे वारस ठरणाऱ्या नातलगांनी आणि त्यांच्या अभावी वक्फ मंडळाने तिचा सांभाळ करावा, अशी त्याची योजना होती. सरकारातील आरिफ महंमद खान या मंत्र्यांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. समाजाची संमती मिळाली असे मानून कायदा झाला. ज्या स्त्रियांवर तो लागू होणार होता, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

जगापुढे दिलेले वचन

हे सर्व इंदुरात आणि दिल्लीत चालले असता भारत जगापुढे काय बोलत होता, हे ताडून पाहणे उद्बोधक आहे.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे १६ वे कलम असे, की विवाहात, विवाह चालू असताना आणि तो मोडताना स्त्रीपुरुषांचे हक्क समान राहतील. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरोधात एकही गेले नाही, आठ तटस्थ राहिली. विवाहाविषयीचे आणि धर्मांतराविषयीचे कलम मान्य नसल्याने तटस्थ राहणाऱ्यांत सौदी अरेबिया होता. धर्मशास्त्र आणि मानवी हक्क यांचा संघर्ष अशा रीतीने पहिल्याच दिवशी उघड झाला. या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारे इंग्रजी शब्द बदलून तेथे ‘सर्व मानव’ हे शब्द आणविले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. त्या बडोदे संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. सयाजीराव गायकवाडांच्या याच बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. हंसाबेन घटनासमितीच्याही सभासद होत्या. समान नागरी कायदा केवळ मार्गदर्शक तत्त्वांत ढकलू नये, असे मत त्यांनी राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी यांच्यासह तेथे नोंदविले. ते मान्य झाले नाही.

१० एप्रिल १९७९ रोजी भारताने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला. त्याच्या २३ व्या कलमात पतिपत्नींच्या समान हक्कांची हमी राष्ट्राने द्यावी असे आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी इंदूरच्या न्यायालयाने २५ रुपयांचा हुकूम केला. १८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याचा करार स्वीकारला. उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे ठरविले त्याच महिन्यात, ३० जुलै १९८० रोजी, भारताने त्यावर सही केली. सहीनंतरचे अनुसमर्थन मात्र १३ वर्षे लांबले. ते ९ जुलै १९९३ रोजी झाले. त्याच्या आदल्याच वर्षी शाहबानो निवर्तल्या होत्या.

अनुसमर्थन करताना भारताने काही निवेदने जोडली. रूढी आणि पूर्वग्रह बदलण्याविषयीचे ५(अ) हे कलम व विवाहातील समानतेविषयीचे १६(१) हे कलम आपण पाळू. परंतु कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या आपल्या धोरणाशी ते सुसंगत असेल तेवढेच, असे त्यांतील पहिल्या निवेदनाचे तात्पर्य. विवाहाची सक्तीची नोंदणी तत्त्वतः मान्य, पण एवढ्या विशाल देशात ती व्यवहार्य नाही, असे दुसरे निवेदन. असे हात राखून सही करणारा भारत हा एकटा देश नव्हे. इजिप्तने शरियतचा हवाला देऊन १६ व्या कलमाला मुरड घातली. धार्मिक समाजांचे व्यक्तिगत कायदे बंधनकारक आहेत, या कारणास्तव इस्रायलनेही तेच केले. करारातच मात्र असा नियम आहे, की त्याच्या मूळ हेतूशी विसंगत अशी सूट कोणालाही घेता येणार नाही. विवाहातील समानता वगळली तर स्त्रियांच्या हक्कांच्या करारात काय उरते, असा आक्षेप म्हणूनच अनेक राष्ट्रांनी घेतला.

पुढाकार कोणी घेतला?

भारताच्या निवेदनात ‘पुढाकार’ आणि ‘संमती’ असे दोन शब्द आहेत. इतिहास पाहिला तर पुढाकार घेणारे आणि संमती नाकारणारे हे एकाच समाजातले, परंतु वेगळे लोक असतात, असे दिसून येते. आणि ही गोष्ट एकाच धर्माची नाही.

शाहबानो यांच्या ९४ वर्षे आधी, १८८४ मध्ये, मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला. रखमाबाईंचे लग्न ११ व्या वर्षी झाले होते आणि मोठेपणी त्यांनी नांदावयास जाण्यास नकार दिला होता. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला; अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’सह सनातनी पक्षाने ‘धर्म बुडाला’ अशी हाकाटी केली. गंमत अशी, की नांदावयास लावण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून आलेला होता आणि हे पिन्हींनी सांगितलेही होते. धर्म म्हणून ज्याचे रक्षण चालले होते, ते परदेशातून आलेले होते. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

इंदूरजवळच्या महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू संहितेचे विधेयक पुढे नेले, तेव्हाही हाच आक्षेप आला, की हिंदू समाजाची संमती नाही. विधेयक रेंगाळले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५-५६ मध्ये त्या विधेयकाचे चार वेगवेगळे कायदे झाले, ते सर्व हिंदूंची संमती गोळा करून नव्हे. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून विवाहविच्छेद मागण्याचा हक्क मिळाला होता. बडोद्यासारखे अपवाद सोडले, तर हिंदू स्त्रीला तसा हक्क देशभर मिळावयास १९५५ साल उजाडावे लागले. कोणता धर्म पुढारलेला आणि कोणता मागासलेला, हा हिशेब मांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे बरे.

मुस्लिम समाजातील पुढाकाराचा मराठी मुलखातील मोठा दाखला म्हणजे हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करावे, ही त्यांची मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ३ मे १९७७ रोजी ते वारले. शाहबानो यांचा अर्ज त्यानंतर वर्षभरातच इंदूरच्या न्यायालयात दाखल झाला. मोर्चात सात स्त्रिया होत्या म्हणून तेव्हा अनेकांना हसू आले. पण समाजाचा पुढाकार याहून वेगळा कसा दिसतो? तो नेहमी मूठभरांपासूनच सुरू होतो.

न्यायालयाची वाट

संसद मागे सरली तेथे न्यायालये हळूहळू पुढे गेली. त्यांच्या वाटेतही अडसर होता. व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत, असा निकाल १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नरसू आप्पा माळी खटल्यात दिला होता. तो देणारे न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर हे दोघेही सुधारणावादी होते, हे विशेष. तेव्हा न्यायालयांनी दुसरा मार्ग धरला. शब्दाचे दोन अर्थ संभवत असतील, तर राज्यघटनेशी व आंतरराष्ट्रीय कराराशी जुळणारा अर्थ घ्यावा, हा तो मार्ग. १९९७ च्या विशाखा खटल्यात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचे नियम याच स्त्रीविषयक कराराच्या आधारे घालून दिले गेले. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात त्याच कराराचा आधार घेऊन हिंदू आईला मुलाच्या पालकत्वात वाजवी स्थान मिळाले.

२८ सप्टेंबर २००१ रोजी १९८६ च्या कायद्याचा निकाल लागला. त्याला आव्हान देणारे डॅनियल लतिफी हे सर्वोच्च न्यायालयात शाहबानो यांचे वकील होते. इद्दतीच्या काळात तरतूद करावयाची याचा अर्थ तेवढ्या काळापुरती नव्हे. पुढील सर्व आयुष्याची तरतूद त्या काळात करावयाची, असे न्यायालयाने ठरविले. कायदा कायम राहिला आणि त्याच्या पोटातून शाहबानो यांचाच हक्क पुन्हा बाहेर आला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो व इतर स्त्रियांच्या अर्जावर एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. १० जुलै २०२४ रोजी, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. १९७८ साली इंदुरात मागितलेली गोष्ट निर्विवाद होण्यास ४६ वर्षे लागली.

पुन्हा डहीकडे

एकच कायदा सर्वांना लावला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी डहीची वाट धरावी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागूच नाहीत. उत्तराखंडाने २०२४ मध्ये केलेल्या समान नागरी संहितेतूनही या जमाती वगळल्या आहेत. गोव्याच्या ज्या पोर्तुगीज संहितेचा आदर्श सांगितला जातो, तिच्या जोडीच्या १८८० च्या फर्मानात हिंदू पुरुषाला काही परिस्थितींत दुसऱ्या लग्नाची सवलत होती.

भिल्ल-भिलाला समाजात दापा वधूच्या बापाला मिळतो. स्त्री एक घर सोडून दुसऱ्या घरी गेली तर ‘झगडा’ म्हणून भरपाई ठरते आणि तिचे पुन्हा घर बसते. नवरा सोडण्याची जी मोकळीक रखमाबाईंना हायकोर्टातून मिळाली नाही, ती या रानातल्या स्त्रीला रूढीनेच दिलेली आहे. पण जमीन साधारणतः मुलग्यांकडे जाते, आणि भरपाईची रक्कम ठरविणाऱ्या पंचांत बाई बसत नाही. म्हणजे रूढीत स्वातंत्र्यही आहे आणि विषमताही. आदिवासी स्त्रियांच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा बहुमताने रूढी रद्द केली नाही. जमिनीवर पोट असलेल्या स्त्रियांना संरक्षण मात्र दिले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वादात, मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिचा वाटा समान मानावा लागेल, असे न्यायालयाने सांगितले. हाही दावा त्या स्त्रीच्या वारसांनीच लढविला होता.

या सर्व घटनांचा अर्थ एवढाच निघतो, की समाजाच्या संमतीची अट मुळात चुकीची नाही. वरून लादलेला कायदा पुस्तकात राहतो आणि गाव आपल्या वाटेने जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. चूक आहे ती समाज म्हणजे त्याचे मुल्ला, शास्त्री, पंच आणि पुढारी असे धरून चालण्यात. रखमाबाई हिंदू समाजाबाहेरच्या नव्हत्या. शाहबानो मुस्लिम समाजाबाहेरच्या नव्हत्या. निवेदनावर अंगठा उठविताना त्या आपल्या धर्मातच होत्या आणि ५०० रुपये मागतानाही त्या आपल्या धर्मातच होत्या. दोन्ही वेळी बोलला तो समाजच; आपण मात्र त्याचा एकच आवाज संमती म्हणून लिहून घेतला. १९९३ च्या निवेदनातले ‘पुढाकार’ आणि ‘संमती’ हे शब्द खोडण्याची गरज नाही. ज्या दिवशी ते त्या समाजातल्या स्त्रियांनाही लागू धरले जातील, त्या दिवशी धर्म, देशाचा कायदा आणि जगापुढे दिलेले वचन यांतील अंतर पुष्कळसे कमी झालेले असेल.